दहा दिवसांचं वॉर्निश

लग्नाआधी तीन वर्षं मी लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला होते, आणि तेवढ्या जोरावर रंगकामातली सगळी विद्या आपल्याला आली आहे अशी माझी ठाम समजूत होती. खरं सांगायचं तर देवाला मला कुणी हात लावू देत नसे. माझ्याकडे उंदीर आणि पाट. रंग वाळला की त्यांच्यावर वॉर्निशचा ब्रश फिरवायचा, संपलं काम. पण परळच्या चाळीत नवी नवरी म्हणून आले तेव्हा शेजारणींना असं काही सांगायची की जणू माझ्यावाचून लालबागच्या गणपतींचे डोळेच उघडत नव्हते.

आमचे हे गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. माणूस अबोल, मालवणकडचा. ह्यांच्या आजोळी लाकडी खेळणी करत, त्यामुळे पटाशी आणि कानस ह्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. संप लागला तेव्हा पहिले काही महिने ह्यांनी चाळीतले पाट, पोळपाट, पाळणे दुरुस्त केले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रे रोडला गेले. तिथे लाकडाच्या वखारींच्या मागे एक वर्कशॉप होतं, त्यात विमानं करत. उडणारी नव्हेत. तिकिटं विकणाऱ्या ऑफिसांच्या काचेत शोभेला मांडतात ना, हातभर लांब, ती.

वर्कशॉपच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी ह्यांचा हात पाहिला आणि सांगितलं, एक विमान पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही एकट्याने करा. फोर्टातल्या ऑफिसात ते दोनतीन महिने काचेत राहील. ऑफिसवाल्यांच्या मनास आलं तर सगळ्या शाखांची विमानं आपल्याकडे येतील आणि तुम्हाला मी कायमचं ठेवून घेईन. कायमचं! संपाच्या त्या पावसाळ्यात हा शब्द चाळीत दुसऱ्या कुणाच्याच घरी आला नव्हता.

विमान शिवणीच्या लाकडाचं. ह्यांनी ते इतकं घासलं की गालाला लावून बघावंसं वाटे. मीही लावून बघितलं, खोटं कशाला बोलू. वर्कशॉपात त्याला गाड्यांना मारतात तसला पांढरा रंग फवारून घेतला, पोटावरून निळा पट्टा ओढला. मग पाण्यात भिजवून चिकटवायच्या इवल्या इवल्या खिडक्या आणि अक्षरं लावली. आता राहिला वरचा बिनरंगी चकाकीचा हात. त्याने खिडक्या निघत नाहीत आणि विमान काचेसारखं दिसतं. वर्कशॉपात सतत भुसा उडायचा आणि ओल्या रंगावर बसायचा, म्हणून ह्यांनी विमान घरी आणलं. सोबत मास्तरांनी दिलेला लॅकरचा डबा. पातळ लावायचं, तीन वेळा लावायचं आणि हवा कोरडी असेल तेव्हाच, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

हवा कुठली कोरडी? श्रावणातले दिवस, दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही दमट. ह्यांनी आधी निळा रंग दिलेल्या लाकडाच्या एका तुकड्यावर लॅकर लावून पाहिलं. थोड्याच वेळात त्यावर ताक सांडल्यासारखा पांढुरका थर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, पुन्हा तेच. हे म्हणाले, थांबायला हवं, चार दिवस ऊन पडू दे.

इथे माझ्यातली कारागीर जागी झाली. चोवीस वर्षांची दीडशहाणी मी, कमरेला पदर खोचून म्हटलं, "अहो, आमच्या कारखान्यात भर पावसात वॉर्निश मारतो आम्ही. देवावर कधी असं ताक सांडलेलं बघितलंत?"

हे हातातल्या डब्याकडे बघत बसले. झाकण दाबून घट्ट बसवलं. मग म्हणाले, "बरं, लाव तर."

मी लालबागला जाऊन ओळखीवर वाटीभर वॉर्निश घेऊन आले. धूळ उडू नये म्हणून जमीन ओल्या फडक्याने पुसली, खिडकी लावली, सासूबाईंना गॅलरीत बसवलं आणि शेपटीपासून सुरुवात केली. पातळबितळ काही नाही, उंदराला लावत असे तसा चांगला भरगच्च हात. सकाळी विमान असं लकाकत होतं की शेजारीण त्यात बघून टिकली नीट करून गेली. पांढऱ्यावर किंचित मधाची झाक आली होती. मी म्हटलं, बघा, कसं श्रीमंत दिसतंय. हे हसले. संप लागल्यापासून ह्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

विमान फोर्टात गेलं. मास्तर खूश, ऑफिसवाले खूश. दिवाळी झाली की बाकीच्या शाखांचं बघू, असं ठरलं. गणपतीत मी चाळभर मिरवले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी हे आपली पटाशी, कानस पिशवीत घालून घरी आले. ऑफिसवाल्यांना आता विमानं नकोत, एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. त्या ऑफिसच्या सात पिढ्या मी नळावर उभी राहून धुतल्या. पुढच्या आठवड्यात हे शिवडीला गोदामात पोती उचलायला जायला लागले, आणि माझा राग काही मावेना. शेजारणीला म्हटलं, चल गो, त्या मेल्यांना चार शब्द ऐकवून येऊ.

गेलो. काचेत दुसरं कुणाचं तरी विमान होतं, पांढरंशुभ्र. आमचं आत कपाटावर ठेवलं होतं, पंखाखाली फायली खुपसलेल्या. ते हळदीत बुचकळून काढल्यासारखं दिसत होतं. निळा पट्टा हिरवट पडला होता. शेजारणीने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "विमानाला कावीळ झाली काय गो?"

मी तिथून तिला ओढतच आणलं. चार शब्द ऐकवायचे राहिले. सगळं माझ्या ध्यानात आलं होतं. गणपतीच्या वॉर्निशला दहा दिवस चकाकायचं असतं, फार तर त्याआधी कारखान्यात महिनाभर. मग देव पाण्यात जातात. ते वॉर्निश तीनचार महिन्यांनी कसं दिसतं हे आमच्या कारखान्यात कुणी बघितलेलंच नव्हतं. बघायला काही उरतच नसे.

पुढे वखारीतल्या एका सुताराकडून शेजारणीच्या नवऱ्याला कळलं. मास्तरांनी विचारलं होतं, हे कुणी लावलं म्हणून. ह्यांनी सांगितलं, मी लावलं.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. उलट ऑफिसला शिव्या देणं चालूच ठेवलं, कारण एकदम गप्प झाले असते तर ह्यांना संशय आला असता. आहे की नाही अक्कल? एक वर्ष गेलं, दोन गेली. संप मिटला असं कुणी कधी सांगितलं नाही, लोकांनी विचारणं सोडलं. ह्यांच्या तळव्यांना पोत्याच्या हुकाने घट्टे पडले, बोटं जाड झाली, एकदा पाळण्याची खुंटी बसवायला घेतली तर पटाशी हातातून निसटली. ती पिशवी ह्यांनी कुणाला तरी देऊन टाकली. पोरं वाढली, त्यांची लग्नं झाली, गिरणीच्या जागी टॉवर आला. आणि मी कुठे विमानाचा विषय निघाला की त्या ऑफिसच्या नावाने बोटं मोडत होते.

शेवटी हे छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो, मी पेज भरवत होते, आणि वाटलं, आता नाही सांगितलं तर हा माणूस तसाच जाईल. माझ्या वॉर्निशनेच विमान पिवळं पडलं हे सांगून टाकलं. फोर्टात गेले होते तेही सांगितलं.

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले.

मला वाटलं, शेजारीण फुटली. पण तसं नव्हतं. वॉर्निश पिवळं पडतं हे ह्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी ह्यांना दोन फळ्या दाखवल्या होत्या, एक लॅकरची, एक वॉर्निशची, दोन्ही पत्र्यावर उन्हात ठेवलेल्या. वॉर्निशची केळ्यासारखी पिवळी झाली होती.

"मग मला लावू का दिलंत?"

"पिवळं पडायला तीनचार महिने लागतात. म्हटलं, तोवर संप मिटेल, मी साच्यावर परत जाईन. मग पडेना का पिवळं."

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, निदान नंतर तरी सांगायचं होतं. इतकी वर्षं मी वेड्यासारखी शिव्या देतेय आणि तुम्ही ऐकत बसलात.

हे भिंतीकडे बघत होते. "तुला सांगायचं तर संप मिटत नाही हे आधी मला कबूल करायला हवं होतं. ते माझ्याच्याने झालं नाही गो."

मला चिडायचं होतं. तीस वर्षांचा राग होता, तो कुठे ठेवावा तेच कळेना. पेज निवली होती, ती गरम करून आणली. त्यातले चार चमचे ह्यांनी घेतले. त्यानंतर महिनाभरच होते हे.

त्या दुपारी डोळे मिटता मिटता ह्यांनी विचारलं, विमान अजून असेल का त्या कपाटावर. मी म्हटलं, असेल की, कोण काढतंय. ते ऑफिस बंद होऊन तिथे चपलांचं दुकान लागलेलं मी केव्हाच बघून आले होते.