मेसवाल्या मावशींचा राग

मी लातूरला क्लाससाठी राहायचे, तेव्हा आमच्या मेसच्या मावशी पेपरातली मुलांची चित्रकथा वाचून चिडायच्या. त्यात लबाड बोका भोळ्या अस्वलाला फसवायचा आणि झाडावरची खार हसायची. मावशींचा खरा राग खारीवर होता. "बोका हाय लबाड, पण हिला सगळं कळतंय, तरी हसायलीय," म्हणायच्या.

एकदा क्लासचे सर जेवायला आले. सगळ्यात कमी गुण पडलेल्या मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हिला वाढू नका, डोकं आणखी जड होईल." मुलगी रडायला लागली. सरांपुढं नुकतंच ठेवलेलं ताट मावशींनी उचललं.

"अहो, गंमत केली," सर म्हणाले.

"तिला हसू आलं का?" मावशींनी विचारलं आणि ते ताट तिच्या हातात दिलं.