आत्याचा गुडघा आणि आमच्या सुलोचनाबाई

सुलोचनाबाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या आत्यामुळे. आत्या घाटकोपरला खानावळ चालवते. कोकणातून नोकरीसाठी आलेली मुलं तिच्याकडे जेवतात. स्वयंपाक सगळा खाली बसून. गुडघे एवढे झिजले होते की स्टोव्हसमोरून उठायला तिला दोघांचा हात लागायचा. डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा बदलू. असं ऑपरेशन आमच्यात कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. आत्याचं एकच म्हणणं, "पाय फुकट गेलो तर खानावळ गेली."

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्ट सुलोचनाबाई येऊन तिच्या खाटेवर बसल्या. मला वाटलं, आता गोड बोलून धीर देणार. त्या म्हणाल्या, "दुखणार आहे, मावशी. मी लगेच उभं करणार, तेव्हा शिव्या घालाल. खुशाल घाला. सूज काही महिने राहील. मधेच वाटेल, उगाच केलं. सगळ्यांना वाटतं. नंतर चालाल, जिनेही चढाल. पण उकिडवं बसणं विसरायचं, मांडीसुद्धा नाही."

आत्याच्या मनातलं बाईंनीच ओळखलं. "संडासासाठी मधे भोक असलेली खुर्ची आत्ताच सुताराकडून करून घ्या."

"डॉक्टरान ह्या सांगूक नाय!"

"ते लाजतात," बाई म्हणाल्या. आत्या हसली, आणि ऑपरेशनला तयार झाली.

बाईंचा खरेपणा म्हणजे हा. पेशंटला घाबरवत नाहीत, पण फसवत तर अजिबात नाहीत.

ऑपरेशन झकास झालं. आत्या वॉकर घेऊन घरी आली आणि तिथे आमच्या प्रेमाने घोळ घातला. खानावळीतल्या मुलांनी आपापल्या उशा आणून तिच्या गुडघ्याखाली रचल्या. तिलाही बरं वाटायचं. पाय तसाच वाकलेला राहायला लागला.

बाई घरी बघायला आल्या. पाय बघितला, मग उशांकडे बघितलं.

"या कोणी दिल्या?"

"आम्हीच!" मुलं एकदम खूश.

"प्रेम दिसतंय. असंच चालू ठेवा, म्हणजे मावशी जन्मभर वाकडा पाय घेऊन लंगडतील. मग नवीन गुडघा घातला कशाला?"

सगळ्यांची तोंडं पडली. बाईंनी त्यातलीच एक उशी टाचेखाली ठेवली, म्हणजे गुडघा खालून मोकळा राहून आपोआप सरळ व्हावा. आत्या किंचाळली, "मेले, माका मारतंस काय गो!"

"मरा, पण आधी सांगा, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी घालता?"

आत्या दात आवळून सांगायला लागली. बाई विचारत राहिल्या. कोकम किती? वाटण कसं? मीठ आधी की नंतर? मला आधी कळलंच नाही, बाईंना रेसिपी कशाला हवी. मग दिसलं, बोलण्यात तिखलं शिजतंय आणि गुडघा हळूहळू खाली येतोय.

त्यानंतर पाय पूर्ण सरळ होईपर्यंत बाई स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी मुलुंडहून येत राहिल्या. कोणी बोलावलं नव्हतं. मुलांनाही त्यांनी कामाला लावलं. जेवायला आलेल्याने आधी मावशीचा व्यायाम बघायचा, मग ताट. भिंतीला लागून उंच ओटाही त्यांनीच करवून घेतला. त्या ओट्याशी उभं राहून आत्याने बांगडे तळले तेव्हा पहिलं ताट बाईंचं होतं. "मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या. खरेपणा तिथेही सुटला नाही!

हे सगळं बघून मी फिजिओथेरपीला अ‍ॅडमिशन घेतली. आज बाईंच्या हाताखाली शिकते, रोज ओरडा खाते, आणि याहून मोठं नशीब मला माहीत नाही.

बाई साठ वर्षांच्या होतायत, म्हणून आम्ही त्यांचा सत्कार ठेवलाय. त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य मिळो, त्यांचे हात असेच चालत राहोत. सत्काराचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे, म्हणून मी आत्याला म्हटलं, "तुला खुर्चीत बसवून वर नेऊ."

आत्या भडकली. "बाईंसाठी शंभर वर्सांचा आयुष्य मागूक जातंय. ता खुर्चीत बसान मागू काय गो? जिनो चढानच येतलंय."