आग्नेटेच्या पलंगावरचं कौल

नील्स हा छपराचा माणूस. डेन्मार्कातल्या कुठल्याशा बेटावर त्याने जन्मभर गवताची छपरं शाकारली होती. म्हातारपणी बायकोला घेऊन आमच्या फोन्तेफ्रिया गावात राहायला आला, तेव्हा घराचं कुलूप उघडण्याआधी त्याने शिडी मागितली. मी समोरच राहत होते, मीच दिली. बायको अंगणात सामानाच्या ढिगावर बसलेली, आणि हा वर कौलांवर बोटांनी टकटक करत फिरतोय.

"हा ठार वेडा दिसतोय," मी एलादियोला म्हणाले. एलादियो माझा धाकटा दीर, गावच्या चर्चची घंटा वाजवतो.

"असू दे की वहिनी. तुझं स्वयंपाकघर गळायला लागून किती वर्षं झाली?"

त्या हिवाळ्यात माझं स्वयंपाकघर गळलं नाही. चुलीचा धूर निघतो अशी घरं आमच्या गावात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्या सगळ्यांची छपरं नील्सने नीट केली. पैसे घ्यायचा नाही. घरची वाइन, एखादं सॉसेज, टोपलीभर चेस्टनट, एवढ्यावर खूश. छपरात फट दिसली की त्याला दातात काही अडकल्यासारखं व्हायचं. रविवारी प्रार्थनेला यायचा तोही देवासाठी नाही, चर्चचं आढं बघायला. पाद्रीबुवा नरकाची वर्णनं करत असायचे आणि हा मान वर करून वासे मोजत बसायचा.

आग्नेटे वेगळ्याच मातीची. तिच्या देशात ती सुईण होती. उंच, हाडापेराने मजबूत, कामापुरतं बोलणारी. आमच्याकडे रानातल्या अळंब्यांना बेडकाची भाकरी म्हणतात आणि शहाणा माणूस त्यांना काठीसुद्धा लावत नाही. ही बाई पहिल्याच पानगळीत टोपली भरून घेऊन आली आणि लोण्यात परतून खाऊन मोकळी झाली. एलादियोने मयताची घंटा वाजवायला दोर तपासून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. "ओबदुलिया, तुझी शेळी अडली आहे म्हणे?" शेळीही वाचली, करडूही वाचलं. तेव्हापासून आमचं जमलं.

दोघांत घाबरट कोण, ते गावाला लवकरच कळलं. आग्नेटे रानात गेली की नील्स झऱ्याजवळच्या दगडावर येऊन बसायचा, शाळेबाहेर आईची वाट बघणाऱ्या पोरासारखा. एकदा ती दातासाठी शहरात गेली आणि बस बंद पडल्यामुळे तिथेच अडकली. हा माझ्याकडे येऊन बसला. पुढ्यात सूप ठेवलं तर चमचा उचलेना.

"अरे, उद्या येईल ती. दात काढायला गेलीय, दुसरं लग्न करायला नाही."

"माहिती आहे मला," तो म्हणाला. "पण ती नसली की घर मोठी होते ना."

घर मोठी! आमची भाषा त्याला शेवटपर्यंत धड आली नाही. मला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं.

गेल्या पानगळीत आग्नेटेच्या छातीत पाणी झालं. शहरातल्या डॉक्टरांनी थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी पाठवलं. का पाठवलं ते कोणी मोठ्याने बोललं नाही. सुइणीला ते सांगावं लागत नाही. रानात चेस्टनट फुटून पडत होते, वेचायला माणसं नव्हती, रानडुकरं खाऊन माजली होती. नदीवरून चढलेलं धुकं दुपारीसुद्धा हटायचं नाही. आणि समोरच्या घरातून तिचा श्वास ऐकू यायचा. खोटं सांगत नाही, रस्ता ओलांडून माझ्या चुलीपर्यंत यायचा, ओल्या लाकडात करवत अडकावी तसा.

आज जाईल, उद्या जाईल असं करत सर्व संतांचा सण आला. आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी घासल्या, शेवंती ठेवली. आग्नेटे जाईना. जीव अडकला होता, आणि अडकलेल्या जिवाची लक्षणं आम्हाला कळतात. एलादियोचं कुत्रं त्यांच्या अंगणात जाऊन बसलं, तोंड दाराकडे नाही, छपराकडे. भुंकत नव्हतं, खात नव्हतं. माझा कोंबडा भर दुपारी आरवला. आणि त्यांचं कौल सरकायला लागलं.

एकच कौल. आग्नेटेच्या पलंगाच्या बरोब्बर वरचं. रोज सकाळी नील्स बाहेर येऊन बघायचा तर ते जागेवरून हातभर खाली आलेलं. वारा म्हणावं, तर धुक्याच्या दिवसांत आमच्याकडे पानही हलत नाही. तो चढायचा, बसवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याने त्यावर चांगला जड दगड ठेवला. सकाळी दगड अंगणाच्या मधोमध. फुटला नव्हता, मातीत रुतलाही नव्हता, कोणीतरी अलगद आणून ठेवावा तसा. सगळं अंगण धुक्याने ओलं आणि दगड कोरडा.

नील्स तरातरा माझ्याकडे आला. "तूच करतेस हे, ओबदुलिया."

"मी? माझा गुडघा दुमडत नाही. चर्चच्या पायऱ्या चढताना मला पाद्र्याच्या आधी देव दिसतो. मी तुझ्या छपरावर नाचायला येऊ?"

"मग एलादियो."

"एलादियोला नुसती शिडी बघून चक्कर येते. बस खाली. तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, ते आता मीच सांगते."

आणि मी सांगितलं. जीव अडकला की पलंगावरचं कौल काढतात. घरच्याच माणसाने चढायचं, परक्याने नाही. कौल उचलायचं, जाणाऱ्याचं नाव तीनदा घ्यायचं आणि म्हणायचं, वाट मोकळी आहे. नाव घेतल्याशिवाय उतरायचं नाही, कारण उघडलेली वाट माणूस ओळखत नाही. जे नाव ऐकेल त्याला नेते. माझ्या सासूसाठी माझ्या नवऱ्याने कौल काढलं होतं. नवऱ्यासाठी मी काढलं. तेव्हा गुडघा चांगला होता.

"मी छपराला भोक पाडू?" नील्स म्हणाला. "जन्मभर मी..." पुढचं त्याला आमच्या भाषेत सापडलं नाही. बहुधा त्याच्याही भाषेत नसावं.

"भोक कसलं? एक कौल. पुरून आलास की परत बसव."

"पुरून आलो की," तो म्हणाला आणि उठून गेला. मला माझ्या जिभेचा राग आला. संध्याकाळी बघते तर तो सिमेंट कालवून ते कौल पक्कं बसवत होता.

दुसऱ्या दिवशी मी आग्नेटेचं अंग पुसायला गेले. शेगडी पेटलेली होती, तरी खोलीला ऊब नव्हती. ती डोळे मिटूनच म्हणाली, "वर कोण चालतंय गं?"

"नील्स असेल."

"नील्स बूट घालतो. हे अनवाणी आहे."

मी कान दिला. कौलावर पाऊल पडलं की एक बारीक, कोरडा आवाज होतो. तो येत होता. घराच्या एका टोकाकडून यायचा, पलंगाच्या वर आला की थांबायचा. मग परत फिरायचा. आणि नील्स तेव्हा परसात लाकडं फोडत होता, खिडकीतून मला दिसत होता. माझ्या हातातलं फडकं गार पडलं.

"घाबरू नकोस," आग्नेटे म्हणाली. मरायला टेकलेली ती आणि धीर मला! "अडकलेलं मूल कसं असतं मला माहिती आहे. आता मी तशी झालेय. मी तयार आहे गं, पण दमले. नील्सला सांग. मी बोलायला लागले की तो कानांवर हात ठेवतो."

मी परसात गेले आणि त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. "ती दमलीय, नील्स. तुझ्या भीतीपायी तिला आणखी किती छळणार आहेस?"

तो ओंडक्यावर बसला. "ती गेली की मी या घरात काय करू?"

नवरा गेल्यावर मी काय केलं, ते मलाच नीट आठवत नाही.

"जे नाव ऐकेल त्याला नेते, म्हणालीस ना?" त्याने विचारलं.

"हो. म्हणून मोठ्याने घ्यायचं, स्पष्ट."

दुपारच्या जेवणानंतर त्याने शिडी लावली. एलादियो आणि मी आत पलंगाशी उभे राहिलो. त्या खोलीला माळा नाही, पलंगावरून थेट कौलं दिसतात. वर छिन्नीचे ठोके पडले, सिमेंटचे बारके तुकडे पांघरुणावर आले, आणि कौल उचललं गेलं. पांढरा उजेड आग्नेटेच्या छातीवर पडला. त्याच्या मागून धुकं आत उतरलं. ते खोलीत पसरलं नाही, पलंगाभोवती उभं राहिलं. बाहेर कुत्रं रडायला लागलं. एलादियोने छातीवर क्रूस काढला.

मग नील्सचा आवाज आला. छपरावरून खालच्या गड्याला हाक मारावी तसा, मोठ्याने, स्पष्ट.

"नील्स," तो म्हणाला. "नील्स. नील्स. वाट मोकळी आहे."

"अरे गाढवा, तिचं!" एलादियो ओरडला. "तिचं नाव घे!"

मलाही वाटलं, घाबरून चुकला. पण आग्नेटेने डोळे उघडले आणि ते डोळे बघून मला कळलं की हा चुकलेला नाही. ती काहीतरी ओरडू पाहत होती, तेवढा श्वास तिच्यात नव्हता. धुकं जसं आलं तसं वर ओढलं गेलं. पावलांचा तो बारीक आवाज आणखी एकदाच आला, आणि नील्स बसला होता तिथे जाऊन थांबला.

तो उतरला तो हसतमुख. हात धुतले आणि विचारलं, "कॉफी आहे का?" एलादियोने त्याची कॉलर धरली. "वर जा परत! तिचं नाव घे!"

"ओबदुलिया म्हणाली मोठ्याने घे," नील्स म्हणाला. "घेतलं."

रात्री माझ्या चुलीपर्यंत श्वास ऐकू आला नाही. मी धावत गेले, तर आग्नेटे शांत झोपली होती. दुसऱ्या दिवशी तिने सूप मागितलं, मग उशी मागितली, मग उठून बसली. नील्स तिच्या पायथ्याशी बसून राहायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही. संत मार्टिनच्या दिवशी, नव्या वाइनचं पिंप फोडतात त्या दुपारी, मी त्याला बोलवायला गेले. तो अंगणात खुर्चीवर भाजलेले चेस्टनट सोलत बसला होता. हाक मारली, खांद्याला हात लावला. चेस्टनट अजून गरम होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय. आधीपासूनच दुखणं असणार. असेलही. एलादियोने घंटा वाजवली, आणि दर टोल्यागणिक त्याला एक शिवी घातली. रडत घातली.

आता खालच्या गावांतल्या बायका येऊन सांगतात, काय बाई प्रेम! प्रेम होतंच, मी कशाला नाही म्हणू? पण मेला पळपुटा होता. त्याला पुरताना आग्नेटे रडली नाही. घरी आल्यावर त्याचा एकेक बूट तिने भिंतीवर फेकून मारला. "मी तयार होते. मला विचारलंसुद्धा नाही त्याने. एक हिवाळा एकट्याने काढायची छाती नव्हती, म्हणून सगळे हिवाळे माझ्यावर टाकून गेला." मग रडली. तसं रडणं मी पुन्हा ऐकलेलं नाही.

नाताळच्या सुमाराला एकदा ती म्हणाली, "ओबदुलिया, माझ्यासाठी वर कोण चढणार? घरचं माणूस लागतं. माझ्या घरात माणूस कुठे आहे?"

"मला काय विचारतेस?" असं म्हणून मी निघून आले. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी एलादियोला बोलावलं, माझा पलंग आणि शेळी त्या घरात नेली. आता मी त्या घरची.

"वहिनी, या गुडघ्याने तू छपरावर चढणार?" तो म्हणाला.

"चढवशील तू. ढकलून."

पण माझी वेळ आधी आली तर? तेही मी आग्नेटेला विचारलं. ती म्हणाली, "चढेन. आणि तुझंच नाव घेईन, शपथ." लगेच म्हणाली, विचारही केला नाही. आता तीच शपथ, मीही तिचंच नाव घेईन अशी, ती रोज माझ्याकडे मागते, आणि मी रोज शेळीला पाणी दाखवायचं निमित्त काढून उठते.