शामसुंदररावांची जोडणी

शामसुंदररावांनी आयुष्यात माऊस हातात घेतला तो फक्त दुसऱ्याच्या हातातून काढून घेण्यासाठी. कुंभकोणमच्या एका भजन न्यासाच्या ध्वनिसंग्रहात ते सतरा वर्षं मशीन सांभाळत होते, आणि काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करता न येणाऱ्याला ते माणसांत मोजत नसत. हाताखालच्या हरिणीचं एखादं अक्षर चुकलं, की सगळ्यांसमोर कान धरून उठाबशा. सत्तावीस वर्षांची पदवीधर मुलगी! ती मुकाट्याने काढायची, कारण नोकरी हवी होती. राव मात्र ते घरी जेवताना हसून हसून सांगायचे.

या माणसाला एकच मऊ कोपरा होता, त्यांची आई. रुक्मिणीबाई शहाऐंशी वर्षांच्या, गोविंदपुरम्‌च्या भजनात पन्नास वर्षं गायलेल्या. सासूकडून आलेली अडतीस पदं त्यांना येत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि त्यांच्या चाली जाणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. यंदाच्या नवरात्रात रावांनी ती एकेक करून न्यासाच्या छोट्या रेकॉर्डरवर घेतली. म्हातारीला धाप लागायची, आणि हे म्हणायचे, "आणखी एक, अम्मा."

न्यासाची सगळी गाणी शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर असत. रावांच्या लिनक्स मशीनवर 'भजन' नावाचा रिकामा फोल्डर होता. माउंटचा हुकूम देऊन पासवर्ड घातला, की सर्व्हरचा साठा त्या फोल्डरवर येऊन बसे आणि तिथे टाकलेलं थेट सर्व्हरवर जाई. मशीन सुरू होताच ही जोडणी आपोआप व्हावी अशी सोय करता येते, पण त्यासाठी पासवर्ड फाइलीत लिहून ठेवावा लागतो, आणि रावांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. तसं मशीन कधी बंदच होत नसे. एकदा केलेली जोडणी वर्षभर पुरायची.

बंद व्हायचं ते फक्त आयुधपूजेला. त्या दिवशी कुंभकोणमात विळीपासून बसपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं आणि कुणी हत्याराला हात लावत नाही. रावांनीही मशीन बंद केलं, पुसलं, कुंकू लावलं, पुढे चुरमुरे ठेवले. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. मुहूर्तावर पहिलं काम आईचं, म्हणून ते एकटेच लवकर आले, मशीन सुरू केलं, कॉपीचा हुकूम दिला, पडद्यावर अडतीस नावं मोजली आणि रेकॉर्डरचं कार्ड कोरं केलं. जोडणीचा हुकूम दिलाच नाही. दर वर्षी पूजेनंतर तो हरिणीच द्यायची; पासवर्ड रावांनी तिच्याकडून तोंडपाठ करून घेतला होता. ती तासाभराने आली, त्याच मशीनवर नेहमीसारखी जोडणी केली आणि कामाला लागली.

पाचव्या दिवशी रुक्मिणीबाईंना झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. निदान स्वतःचा आवाज तरी तिच्या कानी पडावा, म्हणून राव गाणी आणायला ऑफिसात आले. फोल्डरमध्ये दोन हजार गाणी होती. आईचं एकही नव्हतं.

आपल्या हातून हुकूम चुकेल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी हरिणीला सगळ्यांसमोर उभं केलं आणि तिकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं.

"पुसलीस कीं नाहीं? एक शब्द सांग."

"नाहीं सार, पण तो फोल्डर..."

"एक शब्द म्हटलों! चालती हो."

एवढ्यावर थांबले तर ते शामसुंदरराव कसले! हरिणीचं लग्न तिरुनीलक्कुडीच्या अरुणकुमारशी ठरलं होतं, आणि मुलाकडचे रावांच्या नात्यातले. संध्याकाळी त्यांनी फोन केला आणि मुलगी कशी नासक्या हाताची आहे ते सांगितलं. लग्न मोडलं. सोमवारी त्यांनी मशीनची डिस्कही पुसली. नुसती पुसली नाही, तिच्या हाताचं काही उरू नये म्हणून चार तास बसून सबंध डिस्कवर शून्यं लिहवली. रोज आईला पेज भरवताना ते सांगत, "त्या हरिणीनें पुसली, अम्मा. तिचें वाटोळें केलों मी."

बुधवारी हरिणी मेलकावेरीला त्यांच्या दारात आली. ती आत गेली नाही. दारातूनच, खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सार, गाणीं सर्व्हरवर गेलींच नव्हतीं. तुम्हीं जोडणीच केलां नाहींत. तीं तुमच्याच मशीनच्या डिस्कवर पडलीं आणि मी वर जोडणी केलों. एका पानावर दुसरें पान घातलें कीं खालचें दिसतें कां? वरचें काढलां असतां, तर अडतीसही तिथेंच होतीं."

रावांनी चौकट धरली. "तुला... ठाऊक होतें?"

"तुम्हीं ओरडत होतां तेव्हांच कळलें. डिस्क एकाएकीं भरलेली मी पाहिलों होतों. सांगायला गेलों, तुम्हीं एक शब्द म्हटलां. संध्याकाळीं येऊन सांगेन म्हणून निघालों. तों तिरुनीलक्कुडीहून फोन आला."

"मग कां नाहीं सांगितलीस? कां नाहीं?"

"सोमवारीं तुम्हीं शून्यें लिहवतां आहांत म्हणून ऑफिसांतून कळलें. चार तास होते. फोन हातांत धरून बसलों, सार. केलों नाहीं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रावांना तिचा गळा धरावासा वाटला, आणि तिचे पायही. दोन्ही न करता ते आत वळले. पेजेची वाटी उचलून खाटेशी बसले. रुक्मिणीबाईंचे डोळे लख्ख उघडे होते.

"अम्मा, आ कर."

म्हातारीने ओठ मिटले. डाव्या हाताने चमचा बाजूला सारला आणि दाराकडे बघून त्याच हाताने हरिणीला जवळ बोलावलं. पुन्हा बोलावलं. हरिणीने ते पाहिलं, चपला घातल्या आणि ती पायऱ्या उतरून गेली.

त्या संध्याकाळी रुक्मिणीबाईंनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, तिच्या हातून त्या दोन चमचे प्यायल्या, आणि मुलगा दिसताच तोंडात होती ती पेज त्याच्या अंगावर थुंकल्या.