नावं वाचा, मी तारखा बघतो

डहाणू रोड स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान चालवणारे गुजराती काका बोलतात कमी, तपासतात फार. स्क्रीनवर बोट टेकवून एकेक ओळ वाचतात. मी आशागडकडच्या पाड्यांवर नर्स आहे. गरोदर बायकांच्या तपासणीच्या तारखांची एक्सेल यादी माझ्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. दोन मिनिटांत काम झालं. मी उठले.

"बसा, बेन. नावं वाचा, मी तारखा बघतो."

"काका, माझी बस जाईल."

"दुसरी येईल."

मला रागच आला. सातव्या नावाला ते थांबले. पाच ऑगस्टची तपासणी कॅलेंडरने आठ मेला टाकली होती. दिवस आणि महिना उलटे झाले होते. काकांनी सगळं पुसलं, यादी दुरुस्त करून पुन्हा भरली आणि मला पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला लावलं.

पाच ऑगस्टला मोबाईल वाजला आणि मी त्या सातव्या नावाच्या बाईच्या घरी गेले. तिचं बीपी भलतंच वाढलं होतं. तिला लगेच दवाखान्यात भरती केलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर मी काकांना मुद्दाम सांगायला गेले.

त्यांनी विचारलं,

"आणि बाकीच्या सगळ्यांची झाली ना तपासणी?"