लिहिताना ‘विल’, ऐकताना ‘मे’

आदरणीय सुमनबाई साळवे यांचा नि माझा परिचय आठवीच्या वर्गातला. फुलंब्रीहून रोज बसने येणारा मी आदल्या दिवशी गैरहजर होतो. बाईंनी ते इंग्रजीत सांगायला लावले. मी ठणकावून म्हणालो, ‘आय डिड नॉट केम.’ कुणीही हसले नाही, कारण सगळ्यांना ते बरोबरच वाटले होते. बाई मूळच्या पाचोडच्या. शिकवताना मधूनच गावची बोली येई. म्हणाल्या, “भूतकाळ ‘डिड’नं उचलला ना? मंग ‘कम’ला मोकळं चालू दे की.”

सहाय्यकारी क्रियापदाचे अर्धे शास्त्र या उत्तरात आहे. काळाचा भार ते वाहते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. पुढे मी त्याच शाळेत शिक्षक झालो आणि आजही वर्गात हेच सांगतो.

बाईंची पद्धत मराठीपासून सुरू होई. ‘येत आहे’, ‘येत असेल’, ‘यायला पाहिजे’ अशी रूपे त्या फळ्यावर एकाखाली एक मांडत. येणे तेच, पण खात्री, शंका आणि सक्ती ठरते शेजारच्या शब्दावरून. हे मनात बसले की मगच ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांची पाळी. पाठांतर त्यांनी कधीच करून घेतले नाही.

बाई मात्र आमच्या संस्थेत तासिका तत्त्वावर राहिल्या. घेतले तेवढ्याच तासांचे मानधन, आणि दर जूनला नव्याने नेमणूक. माझ्यासारखे त्यांचे विद्यार्थी कायम झाले. बाईंना दरवर्षी आश्वासन मिळाले. संस्थेचे चिटणीस एका वर्षी म्हणाले, ‘यंदा करून टाकू.’ पुढच्या वर्षी म्हणाले, ‘होऊन जाईल.’ त्यानंतर, ‘बघता येईल.’ बाईंनी ही तिन्ही वाक्ये, म्हणणाऱ्याचे नाव न घेता, दहावीला भाषांतरासाठी दिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ‘करून टाकू’साठी ‘विल’ सुचवले. बाई शांतपणे म्हणाल्या, “बरोबर. लिहिताना ‘विल’. ऐकताना ‘मे’ समजायचं.”

अखेर कायम जागा आली आणि पदाधिकाऱ्यांच्या नात्यातल्या एका तरुणाला मिळाली. त्या तरुणाचे पाठ तयार करून देण्याचे काम बाईंकडे आले. मुलांचे नुकसान नको, म्हणून बाईंनी तेही मनापासून केले. मी संतापून विचारले, तेव्हा त्यांनी मलाच व्याकरण सांगितले. “‘हॅव’ शब्द एकच आहे, सर. जागा मिळाली तर मुख्य, नाय तर सहाय्यकारी. अर्थ कमी होत नाय. पगार होतो.” मी त्यांचा विद्यार्थी असूनही, नोकरीला लागल्या दिवसापासून त्या मला ‘सर’च म्हणत आल्या.

या जूनमध्ये वेळापत्रकात त्यांचे नाव नव्हते. कुणी सांगितले नव्हते. ते त्यांनी सूचनाफलकावर स्वतःच वाचले. निरोप समारंभाचा विषय मी काढला, तेव्हा कार्यालयाने समजावले की निवृत्ती कायम सेवकांना असते. ज्यांना नेमायचेच राहून गेले, त्यांना निवृत्त तरी कसे करणार! म्हणून हा गौरवग्रंथ आम्ही विद्यार्थ्यांनी काढला आहे. प्रकाशनाला चिटणीस अध्यक्ष आहेत. ते बाईंच्या निःस्वार्थ सेवेविषयी बोलतील, आणि आम्ही टाळ्या वाजवू.

बाई आता गारखेड्यातल्या घरी पुढच्या खोलीत मुलांना शिकवतात. जून त्यांच्यासाठी आता नुसता जून आहे. त्यात कुणाच्या होकाराची वाट पाहणे नाही. साठीनंतरची ही वर्षे निरोगी असोत, भरपूर असोत. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत असाच पोहोचत राहो, आणि यापुढे कुणीही त्यांचे काही ‘करून टाकू’ नये.