सतरा दिवसांची वेणी

शाळेतली पहिली ऊ नेमकी कुणाच्या डोक्यातून येते, या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. प्रत्येक घर शेजारच्या घराकडे बोट दाखवते आणि शेजारचे घर आणखी पलीकडच्या. ज्या बाईंनी मला हे विचारले, त्या उत्तरासाठी थांबल्याही नाहीत. त्यांनी सरळ फणी धुवायला घेतली.

मुले त्यांना फणीमावशी म्हणत. घंटा देणे, वर्ग झाडणे आणि फुटलेले गुडघे धुणे ही त्यांची नेमून दिलेली कामे. डोकी तपासण्याचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. एका वर्षी उग्र वासाच्या औषधाने एका मुलाची कानामागची कातडी लालभडक झालेली त्यांनी पाहिली. तेव्हापासून नळाशेजारच्या लहान खोलीत, खिडकीखाली एक उंच स्टूल, एक पांढरा रुमाल आणि बारीक दातांची लोखंडी फणी कायमची आली.

रीत साधी होती. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडायचे, म्हणजे उवांना भराभर पळता येत नाही. मग फणी मुळाला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक वेळी रुमालाला पुसून पाहायची. लिखा आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर चौथ्या दिवशी हेच पुन्हा. निदान चार वेळा. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोके डोक्याला लागले की चालत जाते, हे मावशी मुलांना पाढ्यांसारखे म्हणायला लावत. ज्याच्या डोक्यात सापडे त्याला त्या आधी सांगत, की ऊ स्वच्छ केसांतही तितक्याच आनंदाने नांदते, तेव्हा मान खाली घालायचे कारण नाही.

२००५ साली चौथीतली एक मुलगी त्या स्टुलावर बसली. तिची वेणी कमरेखाली पोचत असे आणि वर्गात तिची ओळखच त्या वेणीने होती. तिचे वडील घरे रंगवणारे रंगारी. लेकीच्या डोक्यात उवा झाल्याचे कळताच ते थिनरचा डबा घेऊन निघाले होते. भिंतीवरचा दहा वर्षांचा रंग याने सुटतो, तिथे उवांची काय कथा, असा त्यांचा हिशेब. आजीने डबा हिसकावून घेतला आणि बापलेकीला शाळेत पिटाळले.

भिंतीला कातडी नसते, हे मावशींनी रंगाऱ्याला जरा ठसक्यातच ऐकवले. रंगारी वरमला, पण हटला नाही. थिनर राहिले, तर मग न्हावी. डोक्यावर केसच नसले की प्रश्नच मिटला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नव्हता, त्यामुळे या उपायाची त्याला स्वाभाविक ओढ होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळले. मावशींनी सतरा दिवस मागून घेतले. सतराव्या दिवशी एक जरी दिसली तर खुशाल न्हावी बोलवा, असे त्या बोलून गेल्या.

पहिल्या दिवशी रुमालावर एकोणीस निघाल्या, पाचव्या दिवशी सहा, त्याही बारक्या. नवव्या दिवशी एकही नाही, तेराव्याही दिवशी नाही. घरी आजीचे डोके तपासून झाले, बाकावरच्या शेजारणीचेही. वेणी आता सैल सुटत नव्हती, घट्ट गुंडाळून बांधली जात होती आणि कंगवा कुणाला द्यायचा नाही हे ठरले होते.

सतराव्या दिवशी रंगारी कामावरून तसाच आला, कोपरापर्यंत निळा. विसाव्या-पंचविसाव्या फणीला रुमालावर एक ऊ आली. ती चांगली पोसलेली होती.

खोलीत मावशींखेरीज कुणीही ती पाहिली नव्हती. रुमाल दुमडला असता तर विषय तिथेच संपत होता. मावशींनी तो उलगडून रंगाऱ्यापुढे धरला. ही इथे जन्मलेली नाही, त्या हळू आवाजात म्हणाल्या. चार दिवसांत लीख फुटून एवढी वाढ होत नाही, ही बाहेरून आली आहे. पण कुठून, ते त्यांना सांगता येईना. रंगाऱ्याने लेकीची वेणी हातात घेऊन तिचे वजन केल्यासारखे केले.

मुलीने मान वळवून विचारले, "मावशी, तुमचं डोकं कोण बघतं?"

मावशींचा हात अंबाड्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. महिनाभर त्यांचे डोके खाजत होते. दिवसभर उवांच्या गोष्टी केल्या की कुणाचेही खाजेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. त्यात अलीकडे बारीक काही नीट दिसत नसे, म्हणून लीख शोधताना त्या इतक्या वाकत की त्यांचे केस मुलांच्या केसांना टेकत. पाढा सगळ्या शाळेला पाठ होता. तो म्हणवून घेणारीने मात्र स्वतःला लावून पाहिला नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या. मुलीने कंडिशनर चोपडले आणि फणी चालवली. रुमालावर अकरा निघाल्या.

"म्हणजे वैद्यालाच रोग," रंगारी म्हणाला आणि इतका हसला की स्टाफरूममधून मुख्याध्यापिका पाहायला आल्या. मावशींनी त्यांनाही सगळे सांगितले, वर आपल्याला घरी पाठवायचे असेल तर पाठवा असेही म्हटले. उवा झालेल्या मुलांना घरी पाठवायचे नाही, हे तुम्हीच मला भांडून पटवले आहे, तेव्हा आता सवलत मागू नका, असे मुख्याध्यापिकांनी सुनावले.

न्हाव्याचे काय, हे विचारायचे धैर्य कुणालाच होईना. रंगारी एव्हाना फणी निरखत होता. मग त्याने आपले म्हणणे मांडले: तुमची चूक हातात नाही, पद्धतीत आहे. भिंत कुणी मध्येच कुठेतरी रंगवत नाही. पट्टे पाडायचे, एक पूर्ण झाला की खूण करून पुढचा घ्यायचा. त्याने खिशातल्या, रंगकामात कापड अडकवायच्या चिमट्यांनी लेकीच्या केसांचे आठ भाग पाडले आणि एकेक सोडून मावशींना दाखवला. असे केल्यावर वाकावे लागत नव्हते. चष्मा मात्र करून घ्या, असे तो जाता जाता म्हणाला.

"आणखी सतरा दिवस," दारातून त्याने बजावले, "दोघींनाही."

ते सतरा दिवस दोघी आळीपाळीने एकाच स्टुलावर बसल्या. शेवटच्या दिवशी दोन्ही रुमाल कोरे निघाले आणि वेणी जिथल्या तिथे राहिली.

२००६ सालापासून मावशी निवृत्त झाल्या त्या २०१४ पर्यंत, शाळेच्या तपासणीवहीत दर आठवड्याची पहिली ओळ त्यांच्या स्वतःच्या डोक्याची आहे आणि तिच्यापुढे तपासणाऱ्या मुलाची सही आहे.